येळवशीचा हेवी ड्युटी गाडा

५ नोव्हेंबर, मंगळवार
दिवाळी संपली. पाहुणे गेले. निर्णय झाला आहे, घरात सांगायचा तेवढा बाकी आहे. गाडा मी स्वतः बनवणार. घरच्या अंगणात, स्वतःच्या हातानं वेल्डिंग करून.

कारण लिहून ठेवतो. काल जेवताना सिंधु म्हणाली, यंदा येळवशीला मला शेतात न्या, दुसरं कायबी मागत न्हाई. मागच्या वर्षी बाथरूममध्ये घसरून तिच्या खुब्याचं हाड मोडलं. लातूरला ऑपरेशन झालं, आत रॉड घातला, तेव्हापासून वॉकर धरून घरातल्या घरात. गेल्या येळवशीला, वेळ अमावास्येला, अख्खं अहमदपूर घरांना कुलपं लावून आपापल्या शेतात जेवायला गेलं आणि ही खिडकीत बसून राहिली. मी सोबत होतोच, तरी ती एकटी होते म्हणते.

मोठ्या रस्त्यापासून आमच्या शेतापर्यंत पाणंद आहे. अरुंद, दोन्ही बाजूंनी बाभळी. काट्यांनी टायर फुटतात म्हणून ऑटोवाले आत येत नाहीत आणि सिंधु वॉकरवर जाऊ शकत नाही. थोरल्या भावाचा, शेषेरावचा, ट्रॅक्टर रोज त्याच पाणंदीनं जातो. ट्रॉलीत गादी टाकून सिंधुला नेऊ, असा त्याच्या बायकोचा फोनही आला म्हणे.

प्रश्नच येत नाही. स्वतःच्या पोरीच्या, आरतीच्या, लग्नात भरल्या पंगतीत तो म्हणाला, आमचा शिवा कारखान्यात नट मोजायचा. मी स्टोअरकीपर होतो. साखर कारखान्याच्या वर्कशॉपला जाणारा एकेक वेल्डिंग रॉड माझ्या सहीनं जायचा. वेल्डिंगबद्दल मला कुणी शिकवू नये.

८ नोव्हेंबर
मशीन आणली. छोटी आहे, पण बॉक्सवर ‘प्रोफेशनल’ लिहिलंय. यूट्यूबवर एक टोपीवाला अमेरिकन आहे, तो अर्ध्या तासात अख्खा गाडा करतो. त्यात जाहिरातीही आल्या. म्हणजे मला, वय वगैरे धरून, आठवडा पुरे.

सिंधुनं विचारलं, ही मशीन कधी हातात धरली हुती का. मी सांगितलं की प्रश्न हातात धरण्याचा नसतो, सिस्टिम समजण्याचा असतो. ती वॉकर सरकवत आत गेली. पटलं असावं.

संकल्प: नोव्हेंबरअखेर गाडा तयार. डिसेंबर फक्त रंग आणि ट्रायलसाठी.

१२ नोव्हेंबर
डिझाइन पूर्ण. चार चाकं, पुढं ओढायचा दांडा, मध्ये सीट. मूर्ख लोक घरात वस्तू बनवतात आणि मग ती दारातून निघत नाही. मी आधी अंगणाचं फाटक मोजलं आणि त्यावरून गाड्याची रुंदी काढली. दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं जागा सुटते. याला प्लॅनिंग म्हणतात. शेषेरावला हे सात जन्मांत सुचणार नाही.

जिलानीच्या फॅब्रिकेशनच्या दुकानातून अँगल, चॅनल, चेकर प्लेट आणि भंगारातली ऑटोची चाकं घेतली. तो म्हणाला, साहेब, इतकं लोखंड? मी म्हटलं, हेवी ड्युटी. तो म्हणाला, मग अजून एक चॅनल घ्या. माणूस जाणकार आहे.

१५ नोव्हेंबर
वेल्डिंगला सुरुवात. रॉड चिकटतो. लोखंडाला लावला की चिकटतो, ओढला की अँगलसकट वर येतो. दोष माझ्या हातात नसून व्होल्टेजमध्ये आहे. शेजारच्या कमलम्मा भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, तुमची मशीन चालू झाली की आमचा मिक्सर रडतो, येळवशीपर्यंत मी चटण्या पाट्यावर वाटू का? त्या उदगीरकडच्या. रागावल्या की निम्मं कानडीत बोलतात, त्यामुळं पुढचं समजलं नाही. बरंच होतं.

दिवसभरात एक कोपरा जोडला. तो काटकोनात नाही, पण जोडला गेला हे महत्त्वाचं.

१७ नोव्हेंबर
डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं होतंय. पाणी थांबत नाही. वेल्डिंगचा टाका मारताना तोंडापुढची काळी काच नेमकी जागेवर ठेवली तर काही दिसत नाही, म्हणून ती जरा वर करून बघतो. अमेरिकनही कधीकधी करतो असं वाटतं. डोळ्यांचं खरं कारण म्हणजे सिंधुनं सकाळी चिरलेला कांदा.

ती वॉकर सरकवत आली आणि बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवून गेली. पुन्हा आली, चकत्या बदलल्या. म्हणाली, ऱ्हाऊ द्या की हो आता, मी ट्रॉलीत बसून जाते. अशा वेळी बाई खचते, पुरुषानं खचायचं नसतं. पडल्या पडल्या मी दांड्याच्या डिझाइनचा विचार केला.

२० नोव्हेंबर, बुधवार
मतदान. सुट्टी. मी रिटायर असलो तरी सुट्टी ती सुट्टी.

२६ नोव्हेंबर
गाडा बघायला जिलानी स्वतः घरी आला. म्हणजे राहिलेली प्लेट पोचवायला आला होता, पण बघितला. दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, साहेब, हा गाडा न्हाई, रणगाडा हाय. एवढा मोठा कारागीर असं बोलतो तेव्हा माणसानं विचार करायला पाहिजे. मी केला.

मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाल पोती पाठीवर वाहतात. नर्सरीवाले, मंडपवाले, पाण्याचे जारवाले, सगळ्यांना असा गाडा लागणार. आधी अहमदपूर, मग लातूर, नांदेड, मग धर्माबादचं मिरची मार्केट. नाव ठरलं: ‘एस. एस. हेवी ड्युटी’. सिंधुनं विचारलं, त्यातला एक एस माझा का. तिला समजावलं की शिव आणि शंकर, दोन्ही एस मीच. उगाच गैरसमज नको.

तिनं मग विचारलं, बसायला जमेल नव्हं मला? म्हटलं, बसण्याचं काय घेऊन बसलीस, यात पाच पोती बसतील.

२ डिसेंबर
फ्रेम मोडली. ट्रायल म्हणून मी वर उभा राहिलो आणि जरा हललो. तीन टाके सुटले आणि मी अंगणात पाठीवर. कमलम्मांच्या घरातून हसण्याचा आवाज आला. तो टीव्हीचाही असू शकतो.

ही फ्रेम प्रोटोटाइप होती. प्रोटोटाइप मोडण्यासाठीच असतो. आता दुप्पट जाडीचा अँगल घेणार. जिलानीला फोन केला, तो आनंदानं हो म्हणाला.

नोव्हेंबरअखेरचं जमलं नाही, कारण नोव्हेंबरात सुट्ट्या फार आल्या.

९ डिसेंबर
नवी फ्रेम उभी. टाक्यावर टाका, त्यावर टाका. वेल्डिंग दिसायला बुंदीच्या लाडवासारखं आहे, पण आता हत्ती बसला तरी हलणार नाही. गाडा मात्र मला एकट्याला हलवता येत नाही. चाकात ग्रीस घातलं की हलेल.

सिंधु म्हणते, एकदा पाणंद बघून या, पावसाळ्यात लई खराब झाली असंल. बायकांना शंकाच फार. त्या पाणंदीतून मी चड्डीत असल्यापासून चालतोय, ती कुठं पळून जाते का? शिवाय शेषेरावचा आखाडा, शेतातला गोठा-खोपट, पाणंदीला लागूनच आहे. मी तिथं वाकून टेप लावून मोजतोय आणि तो बाजेवर बसून बघतोय, हे होणे नाही.

१४ डिसेंबर
शेषेराव घरी आला होता. पंगतीतल्या त्या प्रकारानंतर पहिल्यांदाच. फाटकाच्या आत आला नाही. गाड्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. जळतो.

सिंधु पायरीवर ऊन खात बसली होती. तिला म्हणाला, सिंधुताई, येळवशीला सकाळी ट्रॅक्टर आणतो, तू तयार ऱ्हा, भावजय म्हणून न्हाई, लेक म्हणून नेतो. ती माझ्याकडं बघायला लागली. मग मीच सांगून टाकलं की गरज नाही, आमची व्यवस्था आहे. तो मान हलवून गेला.

त्यानंतर सिंधु उठून आत गेली. कुणाची मदत न घेता उठली, म्हणजे पाय सुधारतोय. हे चांगलं लक्षण आहे.

जिंकलो.

२२ डिसेंबर
सीट बसवली. सिंधुला बसवून बघायचं ठरलं, तर तिला चढताच येईना. सीट उंच झाली आहे. आता हेवी ड्युटी म्हटल्यावर उंची येणारच. ती वॉकर धरून, मान वर करून सीटकडं बघत उभी राहिली. म्हणाली, शिडी लावायची का? मला यात टोमणा वाटला, पण कल्पना चांगली आहे. दोन पायऱ्या वेल्ड करतो.

छत्री अडकवायचा पाइप लावला. पाण्याच्या बाटलीसाठी कडं लावलं. मोबाइल ठेवायला जागा केली. तिच्याकडं मोबाइल नाही, पण गिऱ्हाइकाकडं असतो.

२७ डिसेंबर
रंग. सिंधु म्हणाली, हिरवा द्या, ज्वारीसारखा. पण जगातली सगळी हेवी मशिनरी पिवळी असते. पिवळा दिला, कडेनं काळे पट्टे, मागं नाव. थंडीमुळं रंग वाळत नाही. थंडीवर माझा कंट्रोल नाही.

पुनमचा नांदेडहून फोन आला. पोरीनं विचारलं, पप्पा, आईला खरंच यातून नेणार आहात का? फोटो बघितला म्हणे. कमलम्मांनी पाठवला असणार. मी तिला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल समजावून सांगितलं. ती म्हणाली, आईला द्या. मग दोघी हळू आवाजात बोलत बसल्या.

२९ डिसेंबर
घरात भज्जीचा वास भरलाय. सगळ्या डाळी, शेंगा, पालेभाज्या, हरभऱ्याचं पीठ. सिंधु वॉकरला पोट टेकवून गॅसपुढं उभी आहे. एका हातानं ढवळते, दुसऱ्या हातानं धरते. बाजरीचे उंडे झाले. आंबिलीचं मडकं दोरी बांधून तयार. वर्षभरात तिला असं गुणगुणताना ऐकलं नव्हतं. म्हणाली, जास्ती केलंय, वाटंत जो भेटंल त्याला द्यायचं.

शेत खरं तर तिनंच केलं. मी कारखान्यात असायचो. कापूस तिनं वेचला, ज्वारीवरची पाखरं राखायला तीच बसायची. हे मी नाकारत नाही. म्हणून तर उद्या तिला थाटात नेणार.

पायऱ्या बसल्या. ब्रेक राहिलाय. सकाळी होईल.

३० डिसेंबर, सोमवार. येळवस. सकाळ
ब्रेक घासतोय. दहा मिनिटांचं काम आहे. सिंधु उजाडायच्या आत अंघोळ करून, हिरवं लुगडं नेसून पायरीवर बसली आहे. डोक्यावर पदर, मांडीत मडकं. कमलम्मांचं घरदार ऑटोत भरून निघालं. त्यांनी हिला बोलावलं. मी म्हटलं, आम्ही निघालोच.

शेषेरावचा ट्रॅक्टर कोपऱ्यावर येऊन थांबला. हॉर्न वाजवला. मी हातानं पुढं जा म्हणून खूण केली. परत वाजवला. मी ग्राइंडर चालू केला, म्हणजे ऐकू येणार नाही.

दहा मिनिटं.

त्याच दिवशी, संध्याकाळ
लिहायला आत्ता बसलोय.

ब्रेकनं वेळ खाल्ला. निघेपर्यंत उन्हं कलली होती. गाडा मोटारसायकलमागं बांधून पाणंदीच्या तोंडापर्यंत नेला, सिंधु ऑटोनं आली. ऑटोवाल्यानं आणि मी धरून तिला सीटवर बसवलं. बसली. मडकं मांडीत घट्ट. पहिल्यांदा हसली आणि म्हणाली, चला.

पाणंदीत ट्रॅक्टरच्या चाकांनी पावसाळ्यात दोन खोल चाऱ्या पाडल्यात. काळी माती, आता वाळून दगड झालेली. आमच्याकडं सगळी वाहनं त्या चाऱ्यांतूनच जातात, दुसरीकडून जाताच येत नाही. माझा गाडा फाटकाच्या मापाचा. एका बाजूची चाकं चारीत उतरली, दुसऱ्या बाजूची मधल्या उंचवट्यावर राहिली. गाडा कलला. सिंधु म्हणाली, थांबा. मी म्हटलं, तू दुसरीकडं भार दे, आणि ओढला. अजून कलला. ती म्हणाली, अहो थांबा. मला वाटलं जोर दिला तर निघेल. इतकं लोखंड एकदा चाललं की थांबत नसतं. तो आडवा फिरून बाभळीवर जाऊन टेकला. मडकं फुटलं. सगळी आंबील तिच्या लुगड्यावर आणि तिथून मातीत. सिंधु घसरून पाणंदीच्या कडेला बसली. लागलं नाही. मी तीनदा विचारलं, लागलं का. ती म्हणाली, न्हाई.

मी गाडा हलवायला गेलो. हलेना. दोन्ही बाजूंच्या बाभळींत असा अडकला की ना पुढं, ना मागं. वेल्डिंगचा एकही टाका सुटला नाही. एक सुटला असता तर निघाला असता.

तोवर शेतांतून लोक परतायला लागले. रिकामी मडकी, पोरं, म्हाताऱ्या. पाणंद बंद. एकेक जण काट्यांतून अंग चोरून निघायचा आणि जाता जाता सिंधुसमोर थांबायचा. कुणी उरलेली आंबील दिली, कुणी उंडा दिला, कुणी खीर. बसल्या जागी तिच्यापुढं शेतातलं जेवण जमलं. तिनं प्रत्येकाला हात जोडले. खाल्लं काहीच नाही.

शेताच्या बाजूनं दादाचा ट्रॅक्टर आला. गाड्यापाशी थांबला. दादा खाली उतरला, पागोटं काढून कमरेला बांधलं आणि माणसं गोळा केली. ‘हो’ म्हणत सगळ्यांनी गाडा उचलून बाभळीआड टाकला. तोवर दिवस बुडाला होता. दादा म्हणाला, सिंधुताई, चल, ट्रॅक्टर मागं घेतो, उभ्या उभ्या शेत बघून येऊ. ती म्हणाली, नको भावजी, अंधारात काय दिसतंय. घरी सोडा.

ट्रॉलीत गादी घातलेली होती. सकाळपासून असणार. तिला वर बसवलं. मी गाड्याकडं बघत होतो, की रात्रीतून चाकं कुणी काढून नेऊ नयेत. ती ट्रॉलीतून मला म्हणाली, मला शेतात जायचं हुतं. गाड्यात बसायचं नव्हतं.

३१ डिसेंबर
कारणं: पाणंदीची दुरुस्ती होत नाही. ट्रॅक्टरवाल्यांनी रस्त्याची वाट लावली आहे. अमेरिकन माणूस चाऱ्यांबद्दल एक शब्द बोलत नाही. बाभळी वेळेवर तोडल्या जात नाहीत.

सिंधुला वाचून दाखवावीत असं वाटलं. ती भिंतीकडं तोंड करून झोपली होती. झोपलेली नव्हती.

५ जानेवारी
पुनम येऊन तिला नांदेडला घेऊन गेली. जावयांच्या ओळखीचे फिजिओथेरपिस्ट आहेत. बिल्डिंगला लिफ्ट आहे. पंधरा दिवसांचा कोर्स असावा. मी विचारलं नाही, पण साधारण तेवढाच असतो. निघताना सिंधुनं देवापाशी दिवा लावायचं सांगितलं, गॅस बंद करायचं सांगितलं. माझ्याकडं बघून सांगितलं नाही, पण सांगितलं.

गाडा काल जिलानीच्या पोरांनी पाणंदीतून आणून टाकला. एक पट्टा खरचटलाय. बाकी शाबूत.

संकल्प: सिंधु यायच्या आत गाड्याची रुंदी चाऱ्यांच्या मापाला आणायची. फाटक तोडावं लागेल. तोडू.

१२ जानेवारी
पुनमचा फोन. आईची ट्रंक पाठवा. आत काय भरायचं ते सांगितलं: साड्या, स्वेटर, तिचा आरसा, देवघरातली अन्नपूर्णा. मी म्हटलं, पंधरा दिवसांसाठी एवढं कशाला? पुनम म्हणाली, पप्पा, उन्हाळ्याची सुती पातळंपण ठेवा.

मी म्हटलं, मीच घेऊन येतो. ती म्हणाली, नको, कंडक्टरकडं द्या, मी इथं स्टँडवर उतरवून घेते. मी म्हटलं, तिला जरा फोन दे. ती म्हणाली, आई झोपलीय. दुपारचे बारा वाजले होते. फोनमागं कुकरची शिट्टी झाली आणि सिंधु कुणाला तरी म्हणाली, गॅस बारीक कर गं.

आवाज चांगला होता. ठणठणीत.

१३ जानेवारी, सोमवार. भोगी
ट्रंक भरली. फाटक तोडायचं काम पुढं ढकललं. ऑटोवाला ट्रंक म्हटल्यावर कुरकुर करायला लागला, म्हणून गाडा बाहेर काढला. ट्रंक सीटवर चढवली, दोरीनं बांधली, दांडा धरला.

ग्रीस आता चाकांत मुरलं असावं. डांबरी रस्त्यावर गाडा इतका सरळ चालला की एका हातानं ओढता येत होता. कलला नाही, कुरकुरला नाही. लोक बाजूला होऊन वाट देत होते. कमलम्मांनी दारातून बघितलं आणि आत गेल्या.

स्टँडवर कंडक्टरनं आणि मी ट्रंक बसमध्ये चढवली. त्यानं विचारलं, सोबत कोण हाय? म्हटलं, कुणी नाही. बस सुटली. मोंढ्यातला एक हमाल पोतं खाली ठेवून गाड्याभोवती फिरून बघत होता. वाकून वेल्डिंगवरून बोट फिरवलं, चाकं हलवून बघितली. म्हणाला, काय दणकट चीज हाय, मालक. एवढे दिवस असंच कायतरी हुडकत हुतो. कुणी बनवला?

मी म्हटलं, माहीत नाही. माझा नाही, सामान आणायला घेतला होता, तुला कामाला येत असेल तर ने. आणि दांडा त्याच्या हातात देऊन पायी घरी आलो.